अर्धं उत्तर

चाळीस टक्के हा आकडा धाकट्यानं व्यासपीठावरून उच्चारला, तेव्हा थोरली तिसऱ्या रांगेत बसली होती. आधी तिला वाटलं, आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकलं. मग तोच आकडा पडद्यावर हिरव्या रंगात परातीएवढा होऊन झळकला.

"आहे त्याच खडकात, आहे त्याच विहिरींतून चाळीस टक्के जास्त वायू जमिनीत!" धाकटा म्हणाला, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

थोरलीचे हात मांडीवरून हलले नाहीत. आकडा तिचा होता. त्याच्यामागची दोन वर्षांची मेहनत तिची होती. फक्त त्या आकड्याला जोडून आलेली अट धाकट्यानं कापून टाकली होती. चपलेचा पट्टा कापून नुसता तळ विकायला ठेवावा, तशी.

कंपनीचं काम ऐकायला सोपं होतं. सिमेंटच्या आणि पोलादाच्या कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा, दाबून घट्ट करायचा, नळातून इथं आणायचा आणि चार विहिरींतून जमिनीत दोन किलोमीटर खोल सोडायचा. खाली काही पोकळ गुहा नव्हती. वाळूचा खडक होता, आणि त्याच्या बारीक छिद्रांत खारं पाणी भरलेलं होतं. वायू त्या छिद्रांत शिरायचा आणि पाण्याला बाजूला रेटायचा. त्याच्या वर मातीच्या चिवट खडकाचा जाड थर होता. त्याला सगळे झाकण म्हणत. झाकण शाबूत, तर वायू हजारो वर्षं खालीच. त्या झाकणाच्या बरंच वर गोड्या पाण्याचा थर होता, आणि अख्खं शहर ते पाणी पीत होतं.

कुठल्या विहिरीत किती वायू, कोणत्या वेगानं सोडला तर जास्तीत जास्त मावेल आणि झाकणावर नको इतका दाब येणार नाही, हे हिशेबानं शोधणं म्हणजे थोरलीची नोकरी. तिच्या मॉडेलनं उत्तर दिलं होतं: चाळीस टक्के जास्त मावेल, पण पूर्वेला पाचवी विहीर खणून तिच्यातून खारं पाणी बाहेर काढत राहिलात तर. पाणी निघेल तेवढी जागा होईल, दाब उतरेल. पाचवी विहीर नसेल, तर चाळीस टक्केही नाहीत.

धाकटा तिचा दीर. घरातली ती थोरली सून आणि तो धाकटा मुलगा, म्हणून ही नावं. ती या कंपनीत आधीपासून होती; तो मुख्यालयातून इथला प्रमुख होऊन नंतर आला. वरच्या मजल्यावर ती आणि तिचा नवरा, खालच्या मजल्यावर धाकटा, जाऊ आणि सासू-सासरे. जिन्यावर भेटले की 'वहिनी' आणि 'भाऊजी'. फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'मॅडम' आणि 'सर'. दोघांनीही हा नेम कसोशीनं पाळला होता. जाऊ थट्टेनं म्हणायची, "तुम्ही दोघं फाटकापाशी मुखवटे बदलता."

सभा संपल्यावर थोरली थेट त्याच्या केबिनमध्ये गेली.

"पाचवी विहीर कुठं गेली, सर?"

"पुढच्या वर्षी बघू. आधी नवीन कारखाने आपल्याकडे तर येऊ देत."

"मग चाळीस टक्केही पुढच्या वर्षीच."

धाकट्यानं चष्मा काढून पुसला. चष्मा त्याच्या भावाच्याच दुकानातला होता, थोरलीच्या नवऱ्यानं स्वतः घासून बसवलेला. "तुम्ही उत्तरं फार कडक काढता, मॅडम. विहिरीशिवाय काढून बघा ना."

"काढलंय. चार टक्के."

"चार टक्क्यांना टाळ्या कोण वाजवतं?"

"टाळ्यांसाठी खडक जास्त वायू पोटात घेत नाही."

तो हसला, आणि फोन वाजल्याचं निमित्त करून त्यानं विषय मिटवला. थोरली बाहेर आली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तिची समजूत होती की गोष्ट इथंच थांबेल. मॉडेल तिच्या ताब्यात आहे, आणि मॉडेलमधली मर्यादा ओलांडून विहिरींचा वेग वाढवता येत नाही, हा नियम होता.

महिनाभरात तिसऱ्या विहिरीचा वेग वाढला. मग पहिलीचा. थोरलीनं मॉडेल उघडून पाहिलं, तर नियम कुणी मोडलेलाच नव्हता. मर्यादाच वर सरकवली होती, आणि मर्यादेचा आकडा खडकांच्या खोलीतून यायचा.

ती जिना उतरून खडकांच्या खोलीत गेली. तिथं दगडोबा बसायचा. खरं नाव सगळे विसरून गेले होते; आयुष्यभर दगड पाहिलेला हा भूगर्भतज्ज्ञ, निवृत्तीला थोडाच अवधी उरलेला. विहिरी खणताना वर काढलेले खडकाचे गोल दांडे लांब लाकडी खोक्यांत मांडून ठेवलेले. झाकणाच्या खडकाचे तुकडे यंत्रात दाबून कुठला कधी तडकतो, हे त्यानंच मोजलं होतं.

"मर्यादा तुम्ही बदलली?"

दगडोबा मान वर न करता म्हणाला, "बदलली असं नाही. आधी आपण सगळ्यात कच्चा तुकडा धरत होतो. आता सगळ्या तुकड्यांची सरासरी धरली."

"का?"

"सर म्हणाले, एका वाईट नमुन्यावरून सगळ्या झाकणाला नावं ठेवणं बरं नाही. तसं... शास्त्राला धरूनच आहे ते. थोडंफार."

"थोडंफार? झाकण सरासरीला फुटतं का हो? जिथं कच्चं असेल तिथंच फुटणार ना! आणि तो कच्चा तुकडा कुठला? तिसऱ्या विहिरीजवळचा. वेग कुठं वाढवलाय? तिसऱ्या विहिरीत!"

"ओरडू नकोस गं. माझे शेवटचे काही महिने राहिलेत."

"तुमचे राहिलेत. झाकणाला अजून हजारो वर्षं टिकायचंय."

त्यानं एक तुकडा उचलला, हातात फिरवला आणि परत खोक्यात ठेवला. थोरलीला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही. ज्या माणसानं तिला दगड वाचायला शिकवलं, तोच आता दगडाच्या तोंडी खोटं घालत होता, आणि वर शास्त्राचं नाव घेत होता.

तिनं धाकट्याला लेखी कळवलं, मुख्यालयाला कळवलं. धाकट्याकडून उत्तर नाही. मुख्यालयाकडून आलं, 'स्थानिक प्रमुखांशी बोलून घ्यावे.' घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "थोडं सांभाळून घे. एका घरात राहतो आपण."

"मी सांभाळून घ्यायचं? मी काय केलंय?"

"तू नाही केलंस. पण तू समजूतदार आहेस."

"समजूतदार म्हणजे जिच्या डोक्यावर कुणीही बसावं ती, असंच ना?" ती म्हणाली, आणि ताट तसंच टाकून उठली.

जमिनीखाली ठिकठिकाणी ऐकणारी यंत्रं पुरलेली होती. खडकात खुट्ट झालं तरी त्यांना कळायचं. माणसाच्या पायाला जाणवणार नाहीत असे हे धक्के, पडद्यावर ठिपके म्हणून उमटायचे. दाब वाढला की थोडे ठिपके यायचेच. त्याची भीती नव्हती. पण आता तिसऱ्या विहिरीभोवतीचे ठिपके विखुरलेले नव्हते. ते एका रेषेत येत होते, आणि ती रेषा वाळूच्या खडकातून वर झाकणात शिरू लागली होती. थोरलीनं पाहणीच्या, म्हणजे नुसता दाब मोजण्यासाठी वेगळ्या खणलेल्या विहिरीतला दाब तपासला. कच्च्या तुकड्याची मर्यादा कधीच मागं पडली होती.

ती ठिपक्यांचं चित्र घेऊन धाकट्याकडे गेली. तो नेमका पाहुण्यांच्या खुर्च्या कशा मांडायच्या ते बघत होता. दुसऱ्या दिवशी चार कारखान्यांचे मालक येणार होते.

"परवा बघू," तो म्हणाला. "उद्या पडद्यावर पूर्ण वेग दिसला पाहिजे."

"ठिपके परवापर्यंत थांबणार आहेत का?"

"मॅडम, ठिपके रोज येतात."

"रोज वर चढत नाहीत!"

"हळू बोला," तो म्हणाला, आणि खुर्च्या आणणाऱ्या माणसाला त्यानं हाक मारली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. गुळगुळीत बूट, स्वच्छ शिरस्त्राणं, प्रत्येकाच्या हातात कॉफीचा कप. धाकटा त्यांना काचेच्या भिंतीपलीकडून मोठा पडदा दाखवत होता. थोरली आपल्या टेबलाशी बसून ठिपके पाहत होती. सकाळीच रेषा आणखी वर सरकली होती. मग एकदम नवे ठिपके पडले, एकावर एक, झाकणाच्या पोटात.

ती उठली आणि कंट्रोल रूममध्ये गेली. पाळीप्रमुख गलेलठ्ठ, शांत माणूस होता.

"तिसरी विहीर बंद करा. पहिलीचा वेग उतरवा."

"साहेबांचा निरोप आहे?"

"माझा आहे."

"मॅडम, पाहुणे आलेत. तुमच्या सांगण्यावरून बंद केली, तर साहेब माझं सालटं काढतील."

थोरलीनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं धाकट्याचा हसरा फोटो असलेलं पोस्टर होतं: 'धोका दिसला तर काम थांबवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.'

"वाचता येतं ना? प्रत्येकाला. त्यात मी येते. मला धोका दिसतोय. माझं नाव घाला, मोठ्या अक्षरात घाला आणि बंद करा. नाहीतर सरका, मी करते."

पाळीप्रमुखानं पोस्टरकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पोस्टरपेक्षा चेहरा त्याला जास्त पटला असावा. त्यानं आज्ञा दिली. कुठंतरी दूर पंपाचा आवाज खाली आला, आणि काचेपलीकडच्या मोठ्या पडद्यावरचा हिरवा आकडा पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत घसरू लागला.

धाकटा धावतच आला. मागं दार उघडंच राहिलं, आणि दारात कॉफीचे कप घेतलेले पाहुणे.

"कुणी बंद केली?"

"मी."

"चालू करा! आत्ताच्या आत्ता चालू करा!"

"नाही करायची. झाकणात तडा जायला लागलाय."

धाकट्यानं पाहुण्यांकडे पाहिलं. मग चेहऱ्यावर हसू आणून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "वहिनी, घरचं भांडण इथं आणू नका."

इतक्या वर्षांत फाटकाच्या आत त्यानं तिला पहिल्यांदा वहिनी म्हटलं होतं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर लगेच ते ओळखीचं, सैल हसू आलं. अच्छा, घरगुती आहे होय! एका शब्दात तिची वर्षं, तिचं मॉडेल, खडकातले ठिपके, सगळं स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजाइतकं झालं.

थोरली धाकट्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"इथं मी कुणाची वहिनी नाही," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा होता की मागच्या टेबलावरचा माणूस उभा राहिला. "इथं मी हा खडक सांभाळते. पाचवी विहीर खणा म्हणून मी सांगितलं होतं. ती तुम्ही गिळली आणि आकडा तेवढा बाहेर काढून मिरवलात. मर्यादा आड आली, तर मर्यादाच सरकवलीत. आणि आता उत्तर नाही, तर नातं काढता? लाज वाटत नाही? विचारा ना या लोकांसमोर मला, दाब किती आहे ते! विचारा!"

एका पाहुण्यानं कप हळूच टेबलावर ठेवला.

तिला त्याच दिवशी घरी पाठवण्यात आलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. तिसरी विहीर मात्र पुन्हा चालू करायची धाकट्याची हिंमत झाली नाही. एवढ्या साक्षीदारांसमोर तडा हा शब्द उच्चारला गेला होता.

घरी तिच्यासाठी वेगळीच शिक्षा तयार होती. ठिपके थांबले. दाब उतरला. गोड्या पाण्याच्या थरात काही मिळालं नाही. काहीच झालं नाही.

"मग एवढा तमाशा कशाला केलास?" सासूबाई म्हणाल्या. "काही फुटलं तरी का?"

"मी थांबवलं म्हणून नाही फुटलं, आई."

"ते तू म्हणतेस."

तिला ओरडावंसं वाटलं. फुटलं असतं, तर सगळ्यांनी विचारलं असतं, वेळेवर का नाही थांबवलंस? वेळेवर थांबवलं, तर विचारतात, फुटलं कुठं? यातून बाईनं सुटायचं कसं? जाऊ जिन्यात भेटली, की पदर सावरत नजर चुकवायची. मुखवट्यांची थट्टा बंद झाली होती.

त्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी सासऱ्यांनी सगळ्यांना खाली जेवायला बोलावलं. बोलणं व्हावं, मनं साफ व्हावीत, असा त्यांचा बेत होता. धाकट्यानं पहिल्याच घासाला विषय काढला. "आकडे वहिनींच्या मनासारखे नव्हते, एवढंच. मी एकही आकडा खोटा घातलेला नाही."

थोरली बोलणार, तेवढ्यात तिचा नवरा बोलला. भावासमोर त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"मर्यादा बदललीस की नाही? हो की नाही, एवढंच सांग."

"बदलली नाही रे, दादा. सरासरी घेतली."

"सरासरी." नवऱ्यानं हातातला घास खाली ठेवला. "तुझ्या डाव्या डोळ्याचा नंबर वेगळा, उजव्याचा वेगळा. मी सरासरी काढून दोन्हीकडं एकच काच बसवून दिली, तर गाडी चालवशील?"

सासऱ्यांना ठसका लागला. तो हसण्याचा होता, हे सासूबाईंखेरीज सगळ्यांना कळलं. धाकट्याचे कान लाल झाले. तो ताटावरून उठून गेला. सासूबाई म्हणाल्या, "झालं समाधान?" आणि थोरलीच्या लक्षात आलं, की झालं नाही. नवऱ्याचा तिला अभिमान वाटला, पण हे वाक्य महिन्यापूर्वी का नाही सुचलं, याचा रागही आला.

चौकशीला सरकारी समिती आली. समितीसमोर दगडोबानं सांगितलं, "मर्यादा आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवली होती." सगळ्यांनी! थोरली त्याच्या समोरच बसली होती. तिनं कच्च्या तुकड्याचं मोजमाप, ठिपक्यांची रेषा, पाणी काढण्याच्या विहिरीचं पूर्ण उत्तर, एकेक करून टेबलावर मांडलं. समितीतल्या एका बाईंनी तासभर प्रश्न विचारले, आणि ते चांगले होते. इतक्या दिवसांत कुणीतरी तिला दाब विचारत होतं, नातं नाही.

निकाल लागला तो असा: झाकणात तडा आरपार गेल्याचा पुरावा नाही, पण तो जाण्याच्या बेतात होता, असं मानायला जागा आहे. जुनी मर्यादा पुन्हा लावावी. पाचवी विहीर खणून पाणी काढल्याशिवाय वेग वाढवू नये. दोष कुणाचा, यावर समितीनं सफाईनं मौन पाळलं होतं. थोरलीचा उल्लेख 'एका सतर्क कर्मचाऱ्याने' असा आला होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात धाकट्याची मुलाखत छापून आली. 'सुरक्षेपुढे आम्ही पाहुण्यांचीही पर्वा केली नाही. काम स्वतःहून थांबवलं.' सोबत तोच हसरा फोटो. थोरलीनं ते पान फाडलं, चुरगाळलं, मग उलगडून पुन्हा एकदा वाचलं, कारण रागाचं पोट एका वाचनानं भरेना.

मुख्यालयातून एका वरिष्ठ बाईंचा फोन आला. पाचवी विहीर खणायची ठरली आहे, सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागेल, तुम्ही परत या. धाकटा तिथंच प्रमुख राहणार होता.

"त्यांना काहीच नाही?" थोरलीनं विचारलं.

"समितीनं कुणाला दोषी धरलेलं नाही."

"मग माझी एक अट आहे. मर्यादा ठरवण्याचं काम त्यांच्या हाताखाली राहणार नाही. ती समितीकडून येईल, आणि बदलायची झाली तर समितीच बदलेल."

बाईंनी वेळ मागून घेतला आणि दोन दिवसांनी होकार दिला. थोरली परत गेली. कंपनीवर माया म्हणून नाही. तो खडक तिच्या डोक्यात घर करून बसला होता. दुसऱ्या कुणाच्या हातात तो देणं तिला जमणार नव्हतं. पहिल्याच दिवशी दगडोबा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, काही म्हणावं की नाही अशा चेहऱ्यानं. तिनं मान वर केली नाही. तो निघून गेला.

पाचवी विहीर खणून झाली. पाणी वर येऊ लागलं, कोमट, मिठानं जड झालेलं. ते साफ करून समुद्रात सोडायची सोय आधीच केलेली होती. पाहणीच्या विहिरीतला दाब हळूहळू उतरला, आणि मॉडेलनं काढलेल्या रेषेला चिकटून उतरत राहिला. मग जुनीच मर्यादा पाळून वायूचा वेग वाढवला गेला, टप्प्याटप्प्यानं. ठिपके विखुरलेलेच राहिले. पाळीप्रमुख तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, मावतंय की हो!"

"मावणारच होतं," ती म्हणाली. आनंद झाला नाही असं नाही. झाला, खूप झाला. पण त्याच आनंदाला एक धारदार काठ होता, आणि हात लावला की कापत होता.

उद्घाटन झालं, भाषणं झाली. धाकट्यानं भाषणात तिचं नाव घेतलं, पदासकट, आणि या वेळी पाचव्या विहिरीचंही. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो खालच्या पायरीवर तिची वाट पाहत उभा होता. दमलेला दिसत होता. टाय सैल केलेला, चष्मा कपाळावर.

"वहिनी, झालं ना आता सगळं नीट?"

"झालं."

"तुमचंच खरं ठरलं. सगळ्यांसमोर म्हणालो मी."

"ऐकलं."

"मग आता तरी राग सोडा. आईला बरं वाटेल."

थोरलीनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. तिला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता. खालच्या मजल्यावर हायसं वाटलं असतं, जाऊ पुन्हा थट्टा करू लागली असती.

"भाऊजी, विहीर खणलीत, चांगलं केलंत," ती म्हणाली. "राग काही गेला नाही. तो कधी गेला तर मी सांगेन. तुम्ही विचारू नका."

तिनं कठड्याला हात लावला आणि ती वर निघाली. वर नवऱ्यानं दार उघडं ठेवलं होतं आणि चहाचं आधण चढवलं होतं.

"काय म्हणत होता?" त्यानं विचारलं.

"नीट झालं म्हणत होता," थोरली म्हणाली, आणि चपला काढून आधणात चहाची पूड घालायला आत गेली.